बंदर सेरी बेगवानमध्ये आठ-दहा तास: दोन विमानांमधला दिवस कसा घालवावा

ब्रुनेईच्या राजधानीचं नाव मराठी माणसाला घोकावं लागत नाही. बंदर म्हणजे बंदरच. हा फारसी शब्द आपल्याकडे आला तसा मलय भाषेतही गेला. सेरी म्हणजे श्री आणि बेगवान म्हणजे भगवान. 1967 साली सुलतान उमर अली सैफुद्दीन तिसरे यांनी मुलासाठी गादी सोडली आणि ‘सेरी बेगवान’ ही पदवी धारण केली. पुढे 1970 मध्ये ‘ब्रुनेई टाउन’ हे जुनं नाव जाऊन राजधानीला त्यांचं नाव मिळालं. ज्यांच्यासाठी गादी सोडली ते सुलतान हसनल बोल्किया आजही राज्य करतात.

नोव्हेंबर 2024 मध्ये रॉयल ब्रुनेईची चेन्नईहून थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून हे शहर आपल्या वाटेवर आलं आहे. मुलांकडे मेलबर्नला निघालेल्या आईवडिलांना इथे विमान बदलायचा पर्याय मिळाला. मधला वेळ विमानतळावरच्या खुर्चीत काढू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. हे शहर शांत आहे. रस्त्यात गाड्यांचे हॉर्न वाजत नाहीत, फेरीवाले अंगावर येत नाहीत, दारू कुठेही विकत मिळत नाही आणि रात्री दहानंतर बराचसा भाग झोपलेला असतो. पाहण्याजोग्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न फारसा पडत नाही. कधी जायचं, हे मात्र नीट ठरवावं लागतं. इथे ऊन, नमाज आणि बाजार यांची तीन वेळापत्रकं एकाच वेळी चालतात. त्यांच्याशी जुळवून घेतलं तर आठ तासांत पोटभर शहर पाहून होतं. नाही जुळवलं तर बंद दारं आणि रिकामे रस्ते पाहून परत यावं लागतं.

तिकीट काढण्याआधी

पहिलं काम व्हिसाचं. विमानतळाबाहेर पडायचं असेल तर भारतीय पासपोर्टवर कोणती परवानगी लागते, ते ब्रुनेईच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाला आणि विमान कंपनीला विचारून घ्या. हे नियम बदलत राहतात, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या ओळखीच्यांच्या शब्दावर तिकीट काढू नका. आगमनाचा अर्ज ऑनलाइन असतो, तोही निघण्याआधीच भरून टाका.

दुसरं काम वार पाहण्याचं. शुक्रवारी दुपारी बारा ते दोन या वेळात दुकानं, खानावळी, कचेऱ्या सगळं बंद असतं. ही प्रथा नाही, नियमच आहे. सरकारी सुट्टीही शुक्रवारी आणि रविवारी असते. शनिवार कामाचा दिवस. मुख्य मशिदीत इतर धर्माच्या पाहुण्यांना गुरुवारी आणि शुक्रवारी आत सोडत नाहीत. तारीख तुमच्या हातात असेल तर शनिवार ते बुधवार यांतला दिवस निवडा. रमजानचा महिना असेल तर दिवसा उघड्यावर खाणंपिणं चालत नाही, ते बिगरमुस्लिमांनाही लागू आहे.

तिसरं काम पैशांचं. ब्रुनेईचा डॉलर आपल्याकडे सहजी मिळत नाही, पण त्याची गरजही नाही. 1967 च्या करारानुसार तो सिंगापूरच्या डॉलरशी एकास एक बांधलेला आहे आणि सिंगापूरच्या नोटा इथे सरळ चालतात. निघतानाच पन्नास-साठ सिंगापूर डॉलर घ्या, त्यातही दोन आणि पाचच्या नोटा जास्त. होडीवाल्याला पन्नासची नोट देऊन उपयोग नाही.

सामानाबद्दल एवढंच, की जवळ दारूची बाटली असेल तर ती जाहीर करावी लागते. सिगारेटवरही कर आहे. अमली पदार्थांना फाशीपर्यंत शिक्षा आहे. रोजच्या गोळ्या सोबत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

किती वेळ हातात असावा

दोन विमानांमध्ये पाच तासांहून कमी असतील तर बाहेर पडू नका. आठ तास असतील तर उत्तम. एक रात्र मिळाली तर त्याहून छान, कारण मशीद रात्रीच्या दिव्यांत पाहायला मिळते. विमानतळ शहराच्या मध्यभागापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे, त्यामुळे येण्याजाण्यात वेळ जात नाही. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे लावा.

टॅक्सी इथे फार कमी. पेट्रोल लिटरला 53 सेंट, मग घरटी गाड्या असणारच. ग्रॅब हे गाडी बोलावण्याचं ॲप इथे चालत नाही. ‘डार्ट’ नावाचं स्थानिक ॲप आहे, ते घरूनच फोनमध्ये घेऊन ठेवा. जांभळ्या बस डॉलरभर भाड्यात शहरात नेतात, पण त्या सावकाश येतात आणि संध्याकाळी सहानंतर त्यांच्यावर विसंबून राहू नये. जाताना बस, येताना डार्ट, हे गणित मला सर्वांत बरं वाटतं.

सकाळ: नदी आणि मशीद

विषुववृत्ताजवळचं ऊन अकरापासून सोसवेनासं होतं. म्हणून चालण्याची कामं सकाळीच उरकायची.

सुरुवात कियांगे ओढ्याकाठच्या बाजारापासून करा. याला ‘तामू’ म्हणतात. रानातली भाजी, केळफुलं, नारळ, सुकी मासळी, पानात बांधलेला भात असं सगळं इथे मांडलेलं असतं. कोकणातल्या आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला अर्ध्या वस्तू ओळखीच्या वाटतील. इथे एक शब्द उपयोगी पडतो: ‘हार्गा’, म्हणजे किंमत. संस्कृत ‘अर्घ’ तोच. ‘बरापा हार्गा?’ म्हणजे केवढ्याला? असे शब्द पुढेही भेटत राहतील. नाम ते ‘नामा’, भाषा ती ‘बहासा’, आणि नवऱ्याला ‘सुआमी’, म्हणजे स्वामी. पाटीवरचं वाचत चला, कान आणि डोळे दोन्ही सुखावतात.

तिथून चालत सुलतान उमर अली सैफुद्दीन मशिदीकडे जा. ही 1958 साली पूर्ण झाली. 52 मीटर उंच, वर सोन्याने मढवलेला घुमट, खाली इटलीचा संगमरवर. तीन बाजूंनी पाणी आणि पाण्यात दगडी नौका. सोळाव्या शतकातल्या राजनौकेची ती प्रतिकृती 1967 मध्ये बांधली, कुराण अवतरल्याला 1,400 वर्षं झाल्याच्या निमित्ताने. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. अंगभर झगा तिथे मिळतो, स्त्रियांनी तो घालायचाच. नमाजाच्या वेळी पाहुण्यांना थांबवतात, म्हणून सकाळी नऊच्या सुमाराचा वेळ साधा. आत थोडा वेळ स्वस्थ उभे राहा. घाईने फोटो काढून बाहेर पडण्याची ही जागा नाही.

शेजारी नदीकाठी 2017 साली खुलं झालेलं उद्यान आहे, सुलतानांच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचं. मशीद आणि पाण्यावरचं गाव एकाच नजरेत हवं असेल तर तिथल्या कठड्यापाशी जा.

पाण्यावरचं गाव

एकच गोष्ट पाहण्याइतका वेळ असेल तर मशीदही सोडा आणि इथे जा.

कांपोंग आयेर म्हणजे शब्दशः पाण्याचं गाव. ब्रुनेई नदीत खांब रोवून त्यांवर घरं, आणि घरांना जोडणारे फळ्यांचे पूल. खरी राजधानी शतकानुशतकं हीच होती. मॅगेलनच्या मोहिमेतली जहाजं 1521 मध्ये इथे आली, तेव्हा त्यांवरच्या पिगाफेत्ता या इटालियन माणसाने शहर पाण्यात वसलेलं असून त्यात पंचवीस हजार चुली असल्याचं लिहून ठेवलं. सध्याचं जमिनीवरचं शहर त्यामानाने कालचं पोर. 1906 मध्ये ब्रिटिश रेसिडेंट आल्यानंतर लोकांना काठावर आणायला सुरुवात झाली.

पलीकडे जायला धक्क्यावर उभं राहायचं, बस. लांबट, निमुळत्या मोटारहोड्या स्वतःच जवळ येतात. नुसतं पलीकडे सोडायचे साधारण एक डॉलर घेतात. पलीकडे पर्यटकांसाठी एक दालन आहे, तिथून सुरुवात करा; गावाचा इतिहास आणि इथली चांदीची व विणकामाची कारागिरी कळते. मग फळ्यांच्या वाटेने आत चालत जा.

इथे शाळा आहेत, मशिदी आहेत, दवाखाना आहे, होड्यांसाठी पेट्रोल पंप आहेत. दारात कुंड्यांची बाग, ओसरीवर वाळत घातलेले कपडे, झोपलेली मांजरं. काही घरं नवी, सरकारने बांधून दिलेली. काही जुनी, खांब कललेले. फळ्यांकडे लक्ष ठेवून पाय टाका, कुठेकुठे त्या सैल असतात. आणि एक लक्षात असू द्या, की तुम्ही लोकांच्या अंगणातून चालला आहात. दार उघडं दिसलं तरी आत डोकावू नका, फोटो काढायचा तर विचारा. काही दाखवायचं असेल तर तर्जनी रोखू नका. इथे मूठ मिटून अंगठ्याने दिशा दाखवतात. कुणी हात मिळवला तर हलकेच मिळवतात आणि मग तोच हात छातीशी नेतात. तुम्हीही तसंच करा. स्त्री-पुरुषांनी मात्र एकमेकांपुढे आपण होऊन हात करू नये.

तास-दीड तास इथे सहज जातो. जाऊ द्या.

दुपार: सावलीत

बारा ते तीन छताखाली राहा. काठावरच्या जुन्या शहरात रॉयल रेगालिया नावाचं संग्रहालय आहे, 1992 मध्ये राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी उभारलेलं. मिरवणुकीचा प्रचंड रथ, राज्याभिषेकात सुलतानांच्या हनुवटीला आधार द्यायला वापरलेला सोन्याचा हात, परदेशी पाहुण्यांनी दिलेल्या भेटवस्तू. चपला आणि फोन बाहेर ठेवावे लागतात. तासभर पुरे.

जेवणासाठी शाकाहारी माणसाने भारतीय मुस्लिमांच्या खानावळी गाठाव्यात. ‘रोती कोसोंग’ म्हणजे साधी, पापुद्र्याची रोटी. बरोबर डाळ मागा. भाजीतही कोळंबीची ‘बलाचान’ चटणी असू शकते, तेव्हा ‘मांस, कोंबडी, मासा खात नाही’ हे नीट सांगा: ‘साया तिदा माकान दागिंग, आयाम, इकान’. आणि ‘बलाचान’चं वेगळं विचारा, कारण ती माशात मोजली जाईलच असं नाही.

मासे खाणाऱ्यांनी ‘अंबुयात’ चुकवू नये. सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचं सत्त्व उकळत्या पाण्यात घोटून केलेला हा पदार्थ दिसायला थेट आपल्या खळीसारखा. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो. मूळचा मात्र याच झाडाचा. दोन बांबूच्या काड्यांचा ‘चांदास’ त्यात फिरवून गोळा गुंडाळायचा, आंबटतिखट चटणीत बुडवायचा आणि न चावता गिळायचा. अंबुयातला स्वतःची चव जवळजवळ नाही, सगळी गंमत चटणीत आणि जोडीच्या माशात. गरम असतानाच खा आणि दोघा-तिघांत मिळून मागवा.

संध्याकाळ: माकडं की बाजार

चारनंतर दोन वाटा फुटतात. वेळ असेल तर दोन्ही करा, पण सहसा एकच साधते.

पहिली वाट नदीची. धक्क्यावर होडी तासावर ठरवायची आणि नदीने वर, खारफुटीत जायचं. तिथे लांब नाकाची, पिंगट केसांची, पोट सुटलेली प्रोबोसिस माकडं असतात, जी जगात फक्त बोर्निओ बेटावर सापडतात. दिवसभर ती आत असतात आणि संध्याकाळी काठच्या झाडांवर येतात, म्हणून दुपारी दोनला होडी करण्यात अर्थ नाही. पैसे आणि वेळ होडीत बसण्याआधी बोलून घ्या. याच फेरीत सुलतानांच्या इस्ताना नुरुल इमान राजवाड्याचे घुमट दिसतात. खोल्या 1,788. आत फक्त रमजान ईदनंतरच्या दिवसांत लोकांना सोडतात.

दुसरी वाट गादोंगच्या रात्रबाजाराची, मध्यवस्तीतून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. नुसत्या खाण्याचा बाजार, छताखाली, म्हणून पाऊस आला तरी अडत नाही, आणि पाऊस इथे कुठल्याही महिन्यात येतो. एका डॉलरची ‘नासी कातोक’ इथलीच: भात, तळलेली कोंबडी, ‘सांबाल’ ही तिखट चटणी. ‘कातोक’ म्हणजे टकटक. रात्री दार वाजवून भात मागायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

मेलबर्नच्या विमानाची वेळ जवळ येत असेल आणि तुमच्याकडे दोनच तास उरले असतील, तर मी बाजार निवडेन. माकडं दिसतीलच याची हमी कुणी देत नाही, आणि सूर्य वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो, त्यामुळे होडीला उशीर झाला की पाहायला काही उरत नाही.

शाकाहाऱ्यांसाठी बाजारात तळलेली केळी, ‘पिसांग गोरेंग’, आहेत, शेंगदाणा-साखर भरलेलं जाड धिरडं ‘कुइह मलाया’ आहे, आणि ‘ओंदे-ओंदे’ आहेत: तांदळाच्या चिकट पिठाचे हिरवे गोळे, आत पातळ झालेला ताडगूळ, वरून ओलं खोबरं. पहिल्या घासाला उकडीच्या मोदकाची आठवण येते. अख्खा गोळा तोंडात टाका, अर्धा चावलात तर गूळ अंगावर उडतो. भाजलेला ‘पुलुत पांगांग’ मात्र निरुपद्रवी दिसला तरी आत सुकी कोळंबी असते.

परत

गादोंगहून विमानतळ जवळ आहे, पण डार्टची गाडी मिळायला रात्री वेळ लागतो. विमानाच्या तीन तास आधीच ती बोलवा, आणि गाडी येईपर्यंत बाजार सोडू नका. बाहेर रस्त्यावर दुसरी सवारी मिळणार नाही. उरलेल्या सुट्या पैशांचे ओंदे-ओंदे बांधून घ्या आणि विमानात चढण्याआधीच संपवा. ओलं खोबरं या हवेत सकाळपर्यंत टिकत नाही.