गाणं किती मिनिटांचं करायचं? आवर्तनं मोजून ठरवा

चाल बांधून झाली, शब्द पक्के झाले की स्टुडिओची तारीख घेण्याआधीच गाण्याची लांबी ठरवून टाका. स्टुडिओत घड्याळाकडे बघत काटछाट सुरू झाली की पहिली कात्री अंतऱ्याला लागते, आणि कवीला जे खरं सांगायचं असतं ते बहुतेक वेळा तिथंच असतं.

आधी गाणं कुठं ऐकलं जाणार ते बघा. तीन-चार मिनिटांचा दंडक कुठल्या शास्त्रात सांगितलेला नाही, तो ग्रामोफोनच्या तबकडीमुळे पडला. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गायिका गौहरजानला सगळी गायकी तेवढ्यात बसवावी लागली. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूवर वीसेक मिनिटं मिळू लागली, तरी गाण्याचा साचा फारसा बदलला नाही. आज ती अडचण उरलेली नाही. पण स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकलं गेल्याची नोंद होते. म्हणून तिथं द्यायच्या गाण्यात गायकाचा आवाज पहिल्या वीस सेकंदांत यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता कागद घ्या. समजा ताल केरवा आणि लय मिनिटाला ९६ मात्रा. म्हणजे आठ मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, बरोबर पाच सेकंदांचं. सुरुवातीचं म्युझिक चार आवर्तनं, मुखडा सहा, मधलं म्युझिक चार, अंतरा आठ, परत मुखडा चार; पुन्हा म्युझिक चार, दुसरा अंतरा आठ, शेवटचा मुखडा सहा. एकूण ४४ आवर्तनं, म्हणजे ३ मिनिटं ४० सेकंद. तिसरा अंतरा घेतला तर त्याचं म्युझिक आणि मुखडा धरून आणखी १६ आवर्तनं वाढतात आणि गाणं पाच मिनिटांवर जातं. तो अंतरा नवं काही सांगत असेल तर खुशाल ठेवा. पहिल्या दोन अंतऱ्यांचाच भाव घोळवत असेल तर गाळा. अभंग असेल तर 'तुका म्हणे'चं कडवं कधीच गाळू नये. कमी करायचंच झालं तर मधलं करावं.

मग नुसत्या तबला-पेटीवर पूर्ण गाऊन मोबाइलवर घ्या. दुसऱ्या दिवशी कागद समोर ठेवून ऐका आणि जिथं मन भरकटेल तिथं खूण करा. खुणा बहुधा मुखड्याच्या पुनरावृत्तीवर पडतात. आधी त्या पुनरावृत्ती कमी करा, नंतर मधलं म्युझिक चारावरून दोन आवर्तनांवर आणा. ओळीनंतरची श्वासाची जागा मात्र कापू नका. ऐकणाऱ्याला शब्द पोचतात ते त्या जागेत.

लय वाढवून वेळ वाचवायचा मोह होतो. ९६ ची लय १०४ केली तर या गाण्यात जेमतेम सतरा सेकंद वाचतात, आणि जोडाक्षरं एकमेकांवर आदळायला लागतात.

शेवट तिहाईने (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येत) करणार की फेडने (आवाज हळूहळू विरवत), तेही कागदावरच लिहा. फेडला दोन आवर्तनं पुरतात. फाइल काढताना शेवटच्या स्वराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पूर्ण विरेपर्यंत थांबा आणि त्यापुढची रिकामी शांतता कापून टाका.