गोव्याच्या पोर्तुगीज नोटा जमवायच्यात? १९५९ च्या सिरीजपासून सुरू करा

बऱ्याच जणांना माहीत नसतं की पोर्तुगीज काळात गोव्यातल्या नोटा १९०६ पासून एक खासगी बँक काढायची, बांको नासियोनाल उल्त्रामारिनो, १८६४ ला लिस्बनमध्ये सुरू झालेली. हीच बँक मकाव, मोझांबिक, अंगोला इथल्या पण नोटा काढायची, त्यामुळे नुसतं बँकेचं नाव बघून पैसे देऊ नका, नोटेवर 'इंडिया' आहे का ते आधी बघा.

नवीन असाल तर १९०६ च्या मागे लागू नका, त्या दुर्मिळ आहेत आणि चांगल्या अवस्थेत तर हाताला लागतच नाहीत. १९५९ ची एस्कुदोची (म्हणजे पोर्तुगीज चलनातली) सिरीज घ्या, गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अफोन्सो दे अल्बुकेर्कचं चित्र असलेली, ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १००० ची. ३० आणि ६० असे विचित्र आकडे का, तर गोव्यात आधी रुपिया हे चलन होतं आणि ते बदलताना एक रुपिया म्हणजे ६ एस्कुदो असा हिशोब धरला होता, म्हणजे ३० ची नोट म्हणजे जुने ५ रुपिया, ६० ची म्हणजे १०. मला हा हिशोब फार आवडतो, नोट हातात घेतली की अख्खा बदल समोर दिसतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, म्हणजे ही सिरीज जेमतेम तीन वर्षं चालली. आणि नोटेवरची २ जानेवारी १९५९ ही तारीख सगळ्यांवर सेमच असते, तेव्हा कोणी 'पहिल्या दिवशीची नोट' म्हणून जास्त भाव सांगितला तर सरळ पुढे चला.

घेताना नोट खिडकीपाशी न्या आणि तिरकी धरून बघा. धुऊन इस्त्री केलेली नोट समोरून एकदम कडक दिसते, पण तिरक्या उजेडात मधली जुनी घडी बारीक रेघेसारखी उमटते, तिथली शाई उडालेली असते, कागदही जरा जास्तच पांढरा वाटतो. अशी नोट घ्यायलाच नको असं नाही, पण कोऱ्या नोटेचा भाव अजिबात देऊ नका. भिंगातून चेहरा पण बघा, कोरीव छपाईत सलग रेघा असतात, कलर झेरॉक्समध्ये ठिपके दिसतात.

घरी आणल्यावर धुणं, इस्त्री, सेलोटेप, लॅमिनेशन यातलं काहीच करू नका, फाटलेली असली तरी. साधे पीव्हीसीचे पाऊच काही वर्षांनी चिकट होतात, पॉलिएस्टरचे घ्या, थोडे महाग पडतात पण घ्याच, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात अल्बम भिंतीला लागून ठेवू नका, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ओलसर झाल्या की बदला.