चाकणचे आयपी फोन आणि शिवाजीनगरचा गेटवे: कोडेक कसा ठरतो

चाकणच्या कारखान्यात आयपी फोन, शिवाजीनगरच्या ऑफिसात पीआरआय गेटवे (आयपी फोनचे कॉल टेलिफोन कंपनीच्या तीस चॅनेलच्या पीआरआय लाइनला जोडणारं यंत्र) आणि मध्ये २ एमबीपीएसची लीज लाइन (भाड्याची खास डेटा लाइन), अशी मांडणी धरू. आवाज डिजिटल करून पाठवण्याची पद्धत म्हणजे कोडेक; दोन्ही टोकांना तो एकच लागतो.

सिप म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश. फोन सिपच्या इन्व्हाइटमध्ये, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या संदेशात, एसडीपी पाठवतो, म्हणजे आवाज कसा पाठवता येईल याचा तपशील. त्यातली ‘एम=ऑडिओ’ ही ओळ वाचायला आधी शिका. तिच्या शेवटचे आकडे म्हणजे फोनला जमणारे कोडेक: ८ म्हणजे जी.७११ ए-लॉ, ० म्यू-लॉ, ९ जी.७२२, १८ जी.७२९. आधी लिहिलेला तो जास्त पसंतीचा. गेटवे त्यातले स्वतःला चालणारे निवडतो आणि उत्तरात कळवतो. एकही जुळला नाही तर ४८८ हा नकाराचा संदेश परत येतो आणि रिंग न वाजताच कॉल संपतो.

रिंग वाजली, समोरच्याने उचलला आणि लगेच तुटला, तर बहुधा इन्व्हाइट एसडीपीशिवाय गेलेला असतो. तेव्हा यादी २०० ओकेमध्ये (फोन उचलल्याच्या संदेशात) येते, उत्तर एसीकेमध्ये (त्याच्या पोचपावतीत) जातं, म्हणजे न जुळल्याचं कळतं ते फोन उचलल्यावर. अशा वेळी सुरुवातीलाच एसडीपी पाठवण्याची सेटिंग चालू करा.

गेटवेवर ए-लॉ नक्की ठेवा, कारण आपल्याकडच्या ई१ लाइनवर (पीआरआय याच लाइनवर येतो) तोच चालतो. बाहेरच्या कॉलला जी.७२२ या जास्त स्पष्ट आवाजाच्या कोडेकचा काही उपयोग नाही. आवाज शेवटी ८ किलोहर्ट्झच्या लाइनवरच उतरतो.

आता लीज लाइनचा हिशेब. ए-लॉच्या २० मिलिसेकंदांच्या पॅकेटमध्ये १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर (पॅकेटच्या पत्त्याची वगैरे माहिती). सेकंदाला अशी ५० पॅकेटं, म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस. पीआरआयचे तीसही चॅनेल भरले की २४०० केबीपीएस होतात, ते २ एमबीपीएसमध्ये मावणारच नाहीत. जी.७२९ मध्ये आवाज २० बाइट, हेडर तेवढंच ४०; एका कॉलला २४, तीस कॉलना ७२० केबीपीएस. म्हणून चाकणच्या फोनवर १८ पहिला, ८ दुसरा ठेवा. शिवाजीनगरच्या लॅनवर मात्र ८ पहिला. फॅक्स जी.७२९ वरून जात नाही. त्या पोर्टला टी.३८ (आयपी नेटवर्कवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत) किंवा ए-लॉ द्या.

जी.७२९ मध्ये हमखास नडतो तो ‘अ‍ॅनेक्स बी’. बोलणं थांबलं की पॅकेटं कमी करण्याची ही सोय. एसडीपीत काही लिहिलं नसेल तर तो चालू आहे असं धरलं जातं. दोन्हीकडे स्पष्ट ‘नो’ लिहा, नाहीतर काही गेटवे कॉल नाकारतात, काहींवर बोलण्याच्या मधल्या शांततेत आवाज तुटतो.

यादीच्या शेवटी बहुतेक वेळा १०१ दिसतो. तो टेलिफोन-इव्हेंट, म्हणजे दाबलेली बटणं. उत्तरात टेलिफोन-इव्हेंट नसेल तर आवाज छान येतो, पण बँकेच्या मेनूत १ दाबलेलं पोचत नाही. जी.७२९ वर तर टोन आवाजातून धड जातच नाहीत.

बदल केल्यावर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून इन्व्हाइट आणि २०० ओके शेजारी ठेवून वाचा. येणारा कॉल, जाणारा कॉल, होल्ड आणि ट्रान्सफर चारही तपासा. होल्ड-ट्रान्सफरला नवा इन्व्हाइट जातो आणि कोडेक पुन्हा ठरतो.