भरतीची घाई आणि अंगावर येणारा व्यायाम: या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मैदान भरतं आणि त्याच त्या चुका पुन्हा सुरू होतात. सगळ्यात वाईट म्हणजे पहिल्याच दिवशी ताकद दाखवणं.

आमच्याकडे वर्षभर काहीच न केलेला एक मुलगा आला आणि मित्रांशी पैज लावून त्यानं 400 बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या धरल्या की जिना उतरता येईना. ‘दुखतंय म्हणजे व्यायाम लागलाय’ असं मित्रांनी सांगितलं, म्हणून यानं पेनकिलर घेऊन पुन्हा बैठका मारल्या. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मी त्याला तसाच गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी निदान केलं रॅब्डोमायोलिसिसचं. यात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला इजा करतं. पेनकिलरनं त्यात भरच पडते, कारण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाच दिवस सलाईन लावावं लागलं, तेव्हा मूत्रपिंड वाचलं.

तेव्हापासून माझ्याकडे नवा मुलगा पहिला आठवडा 20 बैठकांवर जात नाही. मोठ्या खंडानंतर परतलेला जुना खेळाडूही नाही, कारण शरीराला जुनी पदकं आठवत नसतात. ज्याला हे कमी वाटतं त्याला मी उद्या यायला सांगतो. आणि लघवी काळपट दिसली तर लिंबू-पाणी पीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी चूक 1600 मीटरवाल्यांची: रोज डांबरी रस्त्यावर पूर्ण वेगानं धावणं. नडगीवर एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतही नाही. क्रेप बँडेज बांधून पळणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण काही आठवड्यांची विश्रांती टाळायला जातात आणि अख्खी भरती गमावतात. मी मातीवर पळवतो, तेही एक दिवसाआड.

तापात ‘घाम काढायला’ पळू नका, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

मुलींनो, सराव वाढल्यावर पाळी थांबली तर ती तंदुरुस्तीची खूण नाही. खाणं कमी पडत असेल आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात, डॉक्टरांना दाखवा.

मुलांना सकाळी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायला लावायची माझी सवय आहे. दोन-तीन दिवस ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त आली की मी त्या मुलाला मैदानावर उतरू देत नाही, परीक्षा आठवड्यावर आली असली तरी.