पेपर आहेत, मग टेस्ट कशाला? ब्रीडिंगमधल्या या चुका टाळा

"लॅब्रॅडॉर आहे, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत, मादी हीटवर (माजावर) आलीय. चांगला नर सुचवा." पुण्यात कुठल्याही कुत्रेवाल्या ग्रुपवर हा मेसेज पडला की पंधरा मिनिटांत चार नरांचे फोटो येतात. रिपोर्ट एकाचाही येत नाही. मीही एकदा नुसत्या फोटोवर नर ठरवला होता. रुंद डोकं, दाट शेपूट, घराणं नावाजलेलं. सात पिल्लं झाली, सगळी गुटगुटीत.

त्यातलं एक कोथरूडला गेलं. पाच वर्षांनी त्याच्या मालकाचा फोन आला, "काका, हा अंधार पडला की जिना उतरत नाही." निदान झालं पीआरए. यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, रात्रीची नजर आधी जाते आणि इलाज नाही.

पेपर वंशावळ सांगतात, तब्येत नाही. लॅब्रॅडॉरमध्ये आढळणारा पीआरएचा नेहमीचा प्रकार सुप्त जनुकाचा आहे. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा, म्हणजे कॅरिअर, जन्मभर ठणठणीत राहतो. दोन कॅरिअर एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के. प्रत्येक पिल्लाला, हे लक्षात घ्या. एका वेतात सगळी निरोगी निघाली म्हणून आईबाप क्लिअर, म्हणजे सदोष प्रत नसलेले, ठरत नाहीत. शिवाय लॅब्रॅडॉरमध्ये लक्षणं बहुतेकदा चार-सहा वर्षांची झाल्यावर दिसतात, तोवर त्या कुत्र्याची स्वतःचीही पिल्लं झालेली असतात. गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर हे आधीच कळतं.

आता उलटी चूक. रिपोर्टमध्ये 'कॅरिअर' दिसलं की घाबरून ती मादी ब्रीडिंगमधून बाद करणारेही पाहिलेत. गरज नाही. कॅरिअरला क्लिअर जोडीदार दिला तर एकही पिल्लू त्या आजाराचं होत नाही. साधारण निम्मी कॅरिअर निघतात, तेव्हा पुढच्या ब्रीडिंगसाठी ठेवायचं पिल्लू टेस्ट करून निवडा. सगळ्यांनीच कॅरिअर बाद केले आणि सगळे एकाच चॅम्पियन नराच्या दारात उभे राहिले, तर काही वर्षांत शहरातल्या निम्म्या माद्या त्याच्या मुली किंवा नाती निघतील. माणसांत सगोत्र बघणारे आपण, इथे मात्र बाप-लेकीच्या जोडीला 'लाइन ब्रीडिंग' म्हणून मोकळे होतो.

हिप डिस्प्लेशियाचं, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याच्या आजाराचं, गणित वेगळं. तिथे एकच दोषी जनुक नाही, अनेक जनुकं आहेत. वर वजन, खाणं आणि फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी. त्यामुळे डीएनए टेस्टवर भागत नाही, एक्स-रे लागतो. "मस्त पळतो की!" हा पुरावा नव्हे. अमेरिकेतली ओएफए ही संस्था हिपचं अंतिम प्रमाणपत्र २४ महिन्यांनंतरच देते. आपल्याकडे कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या २०१७च्या नियमांनुसार १८ महिन्यांखालच्या मादीचं मेटिंग करता येत नाही, पण मी दोन वर्षं थांबतोच. एक्स-रे भूल देऊन, मागचे पाय सरळ ताणून, योग्य स्थितीत काढलेला हवा. वाकडा निघाला तर वाचणाराही चुकतो. जमलं तर भावंडांच्या हिपचीही चौकशी करा.

"मेटिंग झालं, पण गाभण राहिली नाही." कारण बहुतेकदा 'हीटच्या बाराव्या दिवशी न्यायची' हा ठोकताळा. कुणी नवव्या दिवशी तयार असते, कुणी अठराव्या. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासा, ते साधारण ५ नॅनोग्रॅमच्या पुढे गेलं की बीज सुटलं, आणि मेटिंग त्यानंतर दोन दिवसांनी. त्याआधी दोघांची ब्रुसेला या जिवाणूची तपासणी हवीच. त्याचा आजार गर्भपात घडवतो, कुत्र्यातून पुरता जात नाही आणि माणसालाही होऊ शकतो.

गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. त्यामुळे शरीर स्वतःचं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि दूध पाजताना मादीला झटके येऊ शकतात. पहिलं पिल्लू येण्याआधी हिरवा स्राव दिसला तर वाट बघू नका, गाडी काढा.

आणि वही ठेवा. कोणतं पिल्लू कुठे गेलं, चिप नंबर काय, फोन कोणाचा. कोथरूडच्या फोननंतर मी उरलेल्या सहा घरांना कळवायला बसलो, तेव्हा तिघांचेच नंबर लागले.