आई-बाबांना अलास्का क्रूझला न्यायचंय? तिकिटाआधी पासपोर्ट-व्हिसा बघा

दर उन्हाळ्यात इथे अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींचं एकच चालू असतं, आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, नायगारा झाला, व्हेगास झालं, आता सिएटलहून अलास्का क्रूझ करू. कल्पना झकास आहे, चालायचं कमी, हिमनद्या खोलीच्या खिडकीतून दिसतात, बाबांना गुडघ्याचा त्रास असला तरी चालतं. पण मग लोक म्हणतात की अलास्का तर अमेरिकेतच आहे, सिएटलहून निघायचं आणि सिएटललाच परत यायचं, व्हिसाचा प्रश्न येतोच कुठे? तर तो येतो, आणि तो कॅनडाचा येतो.

कारण असं की १८८६ सालचा एक जुना कायदा आहे अमेरिकेचा, त्यानुसार परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदवलेल्या जहाजाला नुसतं अमेरिकन बंदरातून अमेरिकन बंदरात प्रवासी नेता येत नाहीत, मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशी झेंड्याचीच. म्हणून जुनो, स्कॅगवे, केचिकन ही अलास्कातली बंदरं करून आलेलं जहाज परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतं, बऱ्याचदा तर संध्याकाळी उशिरा, म्हणजे बघायला फार काही मिळतही नाही. कोविडमध्ये कॅनडाने बंदरं बंद केली तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेला अलास्कासाठी तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला होता, यावरून समजा हा थांबा किती सक्तीचा आहे.

"आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही, जहाजातच बसून राहू" हे चालत नाही. हे मी तीनदा लिहीन हवं तर. जहाज कॅनडात शिरतंय, तुम्ही त्यात आहात, भारतीय पासपोर्ट आहे, म्हणजे कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागणार. नसेल तर सिएटलच्या धक्क्यावर चेक-इनलाच थांबवतात आणि पैसेही परत मिळतील असं समजू नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं अगदी हेच झालं, नातवंडं जहाजावर चढली आणि आजी-आजोबा मुलासोबत हॉटेलवर, सून एकटी दोन पोरांना घेऊन आठवडाभर अलास्कात!

आता कोणाला काय लागतं ते सांगतो. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट, त्यात अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा (आपल्याला बहुतेक दहा वर्षांचा तोच मिळतो) आणि कॅनडाचा व्हिसा. तुम्ही एच-वन बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर तुम्हालाही कॅनडाचा व्हिसा लागतोच, हे लोक विसरतात, फक्त आई-बाबांचा काढतात. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही पण ग्रीन कार्ड आणि चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट, दोन्ही हवं. इथे जन्मलेली पोरं अमेरिकन नागरिक, जहाज निघालं त्याच बंदरात परत येणार असेल तर १६ वर्षांखालच्यांना जन्माच्या दाखल्यावर जाता येतं. तरीही मी म्हणेन पासपोर्ट काढाच, कारण मध्येच कोणी आजारी पडलं आणि कॅनडातून विमानाने परतायची वेळ आली तर दाखल्यावर विमानात बसता येत नाही. आणि पोरं फक्त आजी-आजोबांबरोबर जात असतील तर आई-वडिलांचं सहीचं संमतीपत्र द्या सोबत.

एच-वन बी चं स्टँपिंग (पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा) संपलंय पण आय-९४ (अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येतं याची सरकारी नोंद) चालू आहे अशांसाठी, ३० दिवसांच्या आत फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन आलात तर जुन्या स्टँपवर परत येता येतं असा नियम आहे, नवीन व्हिसाचा अर्ज मध्ये टाकलेला नसला पाहिजे. पण चेक-इन काउंटरवरच्या माणसाला तो नियम माहीत असेलच असं नाही, त्यामुळे क्रूझ कंपनीकडून आधी ईमेलवर लेखी घ्या. कॅरिबियन बेटांच्या क्रूझला तर एच-वन बी वाल्यांनी या नियमावर विसंबूच नका.

कॅनडाचा व्हिसा शक्यतो आई-बाबा भारतातून निघायच्या आधीच काढा, तीन-चार महिने हातात ठेवून. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५. ठसे दहा वर्षं चालतात. इथे आल्यावरही अर्ज करता येतो, ठसे इथल्या इमिग्रेशनच्या सेंटरवर होतात, पण मग व्हिसा चिकटवायला पासपोर्ट कुरिअरने पाठवावा लागतो आणि तो परत येईपर्यंत जीव टांगणीला. आणखी एक, कॅनडाचा व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपुढे जात नाही, म्हणून पासपोर्ट वर्षभरात संपत असेल तर आधी तो रिन्यू करा. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला तरी हरकत नाही, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा, जुना घरी कपाटात नको.

नावाचा घोळ हा आपला खास. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये आईचं नाव आणि बाबांचं नाव एकत्र असतं, आणि आपण बुकिंग करताना घाईत नुसतं आईचं नाव आणि आडनाव टाकतो. किंवा लग्नाआधीच्या नावाचा पासपोर्ट आणि बुकिंग सासरच्या नावाने! पासपोर्ट समोर उघडून, त्यात आहे तसंच टाइप करा.

आणि क्रूझ करून आलं की पुन्हा नवीन सहा महिने मिळतात असं कोणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर परतीचं तिकीट पुढे ढकलू नका, कॅनडाच्या छोट्या फेरीनंतर बहुतेक वेळा आय-९४ ची जुनीच तारीख कायम राहते.

निघायच्या दिवशी सगळे ओरिजिनल पासपोर्ट हातातल्या पर्समध्ये. धक्क्यावर मोठ्या बॅगा हमाल घेऊन जातात आणि त्या थेट संध्याकाळी खोलीच्या दाराशी येतात, त्यामुळे बाबांनी "सेफ राहील" म्हणून पासपोर्ट सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत ठेवलेला नाही ना, हे घरातून निघतानाच विचारून घ्या.