ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना धक्का मारते? या चुका टाळा

गाडीने धक्का मारला की पहिला सल्ला मिळतो, ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल.’ थांबा. धक्का नेमका कधी बसतो, हे आधी दोन दिवस लिहून ठेवा. थंड असताना की तापल्यावर? चालताना की उभ्या गाडीत?

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्या समजणं ही मूळ चूक. 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम तुमच्याऐवजी ॲक्चुएटर, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमावर हलणारी यंत्रणा, करते. पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना मान थोडी डोलणारच. त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडून पाहा. धक्का दिवसेंदिवस वाढत असेल, तर मात्र क्लच प्लेट तपासून घ्या.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या गाडीत ‘पी’मधून (पार्क) ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) टाकताना ‘धप्प’ होतं? बऱ्याचदा दोष गिअरबॉक्सचा नसतोच. इंजिनाचा आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला वेग, चढलेला असतो, नाहीतर इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर फाटलेलं असतं. माउंटिंग बदलणं त्या मानाने किरकोळ काम. आधी तेच पाहायला सांगा.

मग गिअरबॉक्सचं ऑइल. थंड इंजिनावर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघून ‘कमी आहे’ म्हणत ओतत राहणं महागात पडतं. गिअरबॉक्सला डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत ऑइल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, ‘पी’मध्ये लेव्हल बघतात. काहींची रीत वेगळी, अनेक गाड्यांना ही डिपस्टिकच नसते, गाडीचं माहितीपुस्तक उघडा. लेव्हल जास्त झाली तरी ऑइल फेसाळतं आणि दाब बिघडतो. काळपट, करपट वासाचं ऑइल म्हणजे बहुधा गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळतायत. आणि सीव्हीटीत (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा गिअरबॉक्स) साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल) कधीच नको, तिचं ऑइल वेगळं. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर माझा तरी विश्वास नाही.

गॅरेजवाल्याला स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड लगेच पुसू देऊ नका, आधी फोटो काढा. पी0700 एवढाच कोड दाखवला, तर त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये काहीतरी नोंद आहे’ इतकाच. खरा कोड तिथे शोधायचा. बिघाड कळला की अनेक गाड्यांत कंट्रोलर सोलेनॉइडचा (ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) करंट तोडतो, ऑइलचा दाब पूर्ण चढतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. धक्का तिथून येतो. अशक्त बॅटरी किंवा सैल कनेक्टरही हे नाटक घडवतात.

बॅटरी काढून लावल्यावर काही गाड्यांचा कंट्रोलर गिअर बदलण्याबाबत शिकलेलं विसरतो, म्हणून धक्के बसू शकतात. थोडे दिवस शांतपणे चालवा, लगेच गॅरेज गाठू नका.

पण धक्क्यासोबत इंजिन नुसतं गुरगुरतंय आणि गाडी ओढत नसेल, तर चालवू नका. दोरी बांधून ओढूही नका, फ्लॅटबेड (गाडी उचलून नेणारा सपाट ट्रक) मागवा.